मेंदू बनवा, पण अंदाजपंचे नको!

‘वीकेंडला काय करतोस?’ असं ऑफिसात कुणी विचारलं, की मी हल्ली बिनधास्त सांगतो, ‘मेंदू बनवतो!’ लोक हसतात. हसू देत.

‘न्यूरॉन’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पायथॉनमधून चालतं. थोडा कोड लिहिला की एक पेशी तयार. तिला करंटचा छोटासा झटका द्या, उणे ६५ मिलिव्होल्टवर निवांत पडलेली रेषा टुणकन उडी मारते. या उडीची समीकरणं हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडली. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी हँडल फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर ती सोडवली. आपण फक्त एंटर दाबायचं!

हा नाद लागला धाकट्या बहिणीमुळे. तिला लहानपणापासून फिट्स येतात. डॉक्टर सांगायचे, मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम, एका तालात पेटतात. ते मला बघायचं होतं. पन्नास पेशी घेतल्या, रँडम जोडल्या, आकडे बदलत बसलो. शनिवारी रात्री दोनला ताल जमला. झक्कास!

सकाळी तिला दाखवायला गेलो, तर ताल गायब. शेवटी कुठला आकडा बदलला, आठवेना. रँडम जोडण्यांचा ‘सीड’ ठरवलाच नव्हता, त्यामुळे दर वेळी सर्किट नवं. ती म्हणाली, ‘दादा, मग कालचं खरं कशावरून?’ आणि मी पोटासाठी टेस्टिंग करतो! ‘स्टेप्स लिहा’ म्हणून सगळ्यांच्या डोक्याशी कटकट करणारा मीच.

सिअॅटलच्या अॅलन इन्स्टिट्यूटच्या ‘ब्रेन मॉडेलिंग टूलकिट’चा फंडा इथेच कामी येतो. आधी सर्किट बांधा. पेशी किती, कोण कुणाला जोडलेली, सगळं फायलींत सेव्ह. मग रन. किती मिलिसेकंद, कुठला इनपुट, ही वेगळी फाइल. सर्किट तेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक कशामुळे पडला ते कळतं. उंदराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागाचं सुमारे २,३०,००० पेशींचं मॉडेल त्यांनी २०२० मध्ये मांडलं, तेही सगळ्यांसाठी खुलं. एवढा पसारा अंदाजपंचे दाहोदरसे कसा चालेल?

गेल्या शनिवारी सीड ठरवला, फायली वेगळ्या केल्या. ताल आला. पुन्हा चालवलं, पुन्हा आला. मग फक्त जोडण्यांचा जोर कमी केला, आणि ताल मोडला. पन्नास पेशींच्या खेळण्यातून औषध निघत नाही, ठाऊक आहे. पण बहीण स्क्रीनवरून नजर काढेना.

‘किती कमी केलास?’ तिनं विचारलं. ‘लिहून ठेव आधी.’