पित्ताशय काढल्यानंतरची गळती

यकृतात रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. पित्ताशय काढले तरी ते थांबत नाही. मुख्य पित्तनलिकेतून थेट आतड्यात उतरत राहते. शस्त्रक्रियेत पित्ताशयाची नळी क्लिप लावून कापतात. क्लिप निसटली, पित्ताशयाच्या जागेतली एखादी बारीक नलिका उघडी राहिली किंवा मुख्य नलिकेलाच इजा झाली, की पित्त पोटात झिरपू लागते. मुख्य नलिकेत खडा राहून गेला असेल, तर मागे साचणारा दाबही क्लिप ढकलतो.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. आता रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो आणि म्हणूनच गळतीची लक्षणे बरेचदा घरी दिसतात. एरवी दुखणे रोज कमी होत जाते. इथे ते वाढते. पोट फुगते, मळमळते, ताप येतो, कधी डोळे पिवळसर दिसतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा-सोडा देण्यात मोलाचे दिवस जातात.

सोनोग्राफीत साचलेले पित्त दिसले, तर त्वचेतून नळी घालून ते बाहेर काढतात. पुढचा उपाय ईआरसीपी. तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या मुखाशी पोहोचतात, खडा असल्यास काढतात आणि प्लास्टिकचा स्टेंट बसवतात. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडारा या जुन्या भूमिगत पाणीव्यवस्थेतले पाणी उताराची वाट धरते, तसे पित्त अडथळा नसलेल्या वाटेने आतड्यात जाते आणि गळकी जागा भरून येते. काही आठवड्यांनी स्टेंट काढतात. बहुतेक छोट्या गळत्या अशा, पोट न उघडता बऱ्या होतात. मुख्य नलिका कापली गेली असेल, तर मात्र ती आतड्याला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया लागते. ती यकृत-पित्तमार्गाच्या अनुभवी सर्जनकडेच व्हावी.

मुळात पित्ताशय काढतानाच सूज फार असून नळ्या स्पष्ट दिसत नसतील, तर पोट उघडून शस्त्रक्रिया करणे किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवणे हा सर्जनचा शहाणपणा असतो, अपयश नव्हे.

मोठे केंद्र जवळ असेलच असे नाही; बऱ्हाणपूरहून इंदूर सुमारे १८० किलोमीटर. तिथे जायची वेळ आली, तर वाटेतले तासही मोजावे लागतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दुखणे वाढले किंवा ताप आला, तर डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद घेऊन त्याच दिवशी सर्जनला गाठावे.