‘झपाटलेला’ आजही का आवडतो?
भुताचा सिनेमा, तरी घरातली लहान मुलंही हसत पाहतात. महेश कोठारेंच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये असं काय आहे?

मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटातली. पण तिथे तो बाहुला लहान मुलाच्या हाती पडतो, इथे लक्ष्याच्या! बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेला माणूसच ‘हा बाहुला स्वतःहून बोलतो’ म्हणाला, तर विश्वास कोण ठेवणार? सगळी गंमत इथेच आहे.

रामदास पाध्येंचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांमुळे तात्या विंचूची भीती वाटते. लक्ष्मीकांत बेर्डेंची तारांबळ पाहून हसू फुटतं.

बेर्डे २००४ मध्ये गेले. २०१३ मध्ये तात्या थ्रीडीत परतला; त्याला घाबरणारा लक्ष्या मात्र पहिल्याच भागात भेटतो.