लीळाचरित्रातल्या बायका आणि त्यांचे अभ्यासक

यादवकाळातल्या मराठी साहित्यात स्त्री कशी दिसते, याचा शोध बहुतेक वेळा दोन ग्रंथांपाशी येऊन थांबतो. पहिला ‘ज्ञानेश्वरी’. ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात सिद्ध झाली. दुसरा ‘लीळाचरित्र’, म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे गद्य चरित्र. हा ग्रंथ वऱ्हाडातल्या रिद्धपुरात लिहिला गेला, पण त्यातले कितीतरी प्रसंग आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या डोमेग्राम, बेलापूर या गावांत घडतात. ग्रंथकार म्हाइंभट गोदाकाठच्या सराळ्याचे. पांडित्याचा ताठा घेऊन वाद घालायला ते डोमेग्रामी आले आणि चक्रधरांचे शिष्य झाले.

या ग्रंथाचा आधुनिक अभ्यास सुरू झाला तो लिपीपासून. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ते कुलूप उघडले. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी संपादने केली. कोलत्यांची प्रत १९७८ ची. पाठचिकित्सा हे रुक्ष काम समजले जाते, पण स्त्रियांच्या इतिहासाचा एक धागा इथेच हाती लागतो. मूळ पोथी यादवांच्या राज्याच्या पडझडीत गहाळ झाली आणि चरित्र स्मरणातून पुन्हा उभे केले गेले, असे परंपरा सांगते. त्यातून जे पाठ निघाले त्यांपैकी एक हिराइसा या महानुभाव साध्वीच्या नावाने ओळखला जातो. ग्रंथ पुरुषाने लिहिला. तो टिकवण्यात बाईच्या पाठांतराचा वाटा होता.

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना या गद्याचे मोल निराळे वाटते. त्यात राजे थोडे आणि घरदार फार. बाइसा, महदाइसा, उमाइसा, एल्हाइसा अशा नावानिशी वावरणाऱ्या बायका स्वयंपाक करतात, रुसतात, एकमेकींशी भांडतात आणि सतत प्रश्न विचारतात. महदाइसा बालविधवा, चक्रधरांचे प्रमुख शिष्य नागदेव यांच्या नात्यातली. तिच्या चौकसपणामुळे कितीतरी निरूपणे नोंदली गेली. विटाळाच्या प्रसंगात चक्रधर मासिक स्रावाला शरीराच्या इतर स्रावांच्याच पंक्तीला बसवतात: नाकातून शेंबूड येतो, तसाच हा देहधर्म. ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथातली नागदेवांची गोष्ट तर भाषेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. पंथातले ग्रंथकार केसोबास यांना ग्रंथ संस्कृतात रचायचा होता. नागदेवांनी मोडता घातला, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना तो कळणार नव्हता.

एवढ्यावरून महानुभावांनी स्त्रीपुरुष समता आणली असे म्हणणे भाषणात शोभते, अभ्यासात नाही. त्याच पंथाची आचारसूत्रे संन्यासी पुरुषाला चित्रातली स्त्रीसुद्धा पाहू नये असे बजावतात. बाई शिष्या म्हणून जवळची, मोह म्हणून धोक्याची. दोन्ही सूर एकाच परंपरेतले आहेत आणि एक लपवून दुसरा ऐकवता येत नाही.

ख्रिश्चन ली नोव्हेत्स्के यांनी २०१६ च्या ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’ या पुस्तकात ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ शेजारी ठेवून वाचले. वेद तीन वर्णांच्याच कानी लागला, म्हणून तो कृपण ठरला. स्त्रीशूद्रांसाठी गीता पुढे आली, अशी मांडणी ज्ञानेश्वर अठराव्या अध्यायात करतात. नोव्हेत्स्के यांच्या मते हा दरवाजा मोक्षाचा होता. रोजच्या व्यवहारातली जातीची आणि लिंगभेदाची चौकट त्याने मोडली नाही, पण लोकभाषेत त्यावर बोलणे मात्र सुरू झाले. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विराण्यांत पुरुष कवी विरहिणीच्या तोंडून बोलतो, हा आणखी एक पेच. असा स्त्रीचा आवाज म्हणजे स्त्रीचा अनुभव नव्हे.

स्वतः बाईने रचलेले शोधू जाता महदाइसेचे ‘धवळे’ आधी समोर येतात. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहसोहळ्यासाठी रिद्धपुरात गायलेली ही रुक्मिणी-कृष्णाची लग्नगीते. महदाइसेला आद्य मराठी कवयित्री म्हणून मान मिळाला. पण धवळा हा मुळात बायकांनी लग्नघरात गायचा प्रकार. तिच्या आधी तो गाणाऱ्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, हे त्या मानाआड झाकले जाते.

पुढे सतराव्या शतकात, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला समाधी असलेल्या बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंग लिहिले आणि अभ्यासकांची अडचण वाढवली. तुकारामांना गुरू मानल्याबद्दल ब्राह्मण नवऱ्याने केलेला छळ त्या सांगतात, स्त्रीजन्मामुळे वेद दुरावल्याची खंतही मांडतात. आणि पतिव्रताधर्माचे अभंगही त्याच रचतात. ॲन फेल्डहाउस यांनी १९८२ च्या लेखात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधली हीच ओढाताण तपासली. विद्युत भागवत यांनी मराठी संत स्त्रियांच्या रचना स्त्रीवादी दृष्टीने वाचल्या. बहिणाबाईंनी संसार सोडला नाही. जनाबाई किंवा मुक्ताबाई यांच्या शेजारी त्यांना ठेवताना हा फरक धरावा लागतो: एक दासी, एक अविवाहित, एक घरधनीण. तिघींच्या अभंगांत विठ्ठल असला, तरी त्याच्याशी बोलण्याची मोकळीक प्रत्येकीला आपापल्या घराने ठरवून दिलेली आहे.