खर्र्याने खोडलेली अक्षरं

नागपुरात पानठेला शोधावा लागत नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन ठेलेवाला घोट-घोट घोटतो आणि पुडी बांधून हातात ठेवतो. हाच तो खर्रा. चिमूटभर गालात धरली की बराच वेळ तिथेच मुरत राहते. गाल आणि हिरडी यांच्यामधली ती खोबण तोंडाच्या कर्करोगाचं आपल्याकडचं नेहमीचं ठिकाण. रुग्ण समोर बसला की डॉक्टर आधी त्याचं तोंड किती उघडतं ते बघतात. उभी तीन बोटं आत जायला हवीत. सुपारीने आतलं अस्तर ताठरलेलं असेल, तर एक बोट जातानाही पंचाईत होते.

या खोबणीतल्या गाठींची जनुकं वाचण्याचं मोठं काम भारतातच झालं. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल जीनोमिक्स आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक यांनी २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आधी ५० रुग्ण, मग पडताळणीसाठी आणखी ६०. प्रत्येकाची गाठ आणि त्याचंच रक्त शेजारी ठेवून वाचलं. रक्तातला डीएनए ही मूळ प्रत, गाठीतला ही चुकांनी भरलेली. वजाबाकी केली की आईवडिलांकडून काय आलं आणि गाठीत नंतर काय बिघडलं, ते वेगळं होतं.

टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ ही नावं त्यात वारंवार आली. यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही जनुकं या रोगाच्या यादीत तेव्हा नव्याने दाखल झाली. पाश्चात्त्य देशांत घशाचे बरेच कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतात आणि त्यांची जनुकीय मोडतोड वेगळी असते. म्हणून तिकडचा नकाशा जसाच्या तसा आपल्या गालाला लावून चालत नाही.

मग त्या यादीवरून औषध का ठरवत नाहीत? अडचण अशी की गालाच्या गाठीत बहुतेकदा ब्रेक तुटलेले असतात. टीपी५३ बिघडलेल्या पेशीला थांबवतं, कॅस्प८ तिला मरायला लावतं. अडकलेला अ‍ॅक्सिलरेटर औषधाने सोडवता येतो. तुटलेला ब्रेक गोळीने परत बसवणं फार अवघड.

याच यादीत एक अ‍ॅक्सिलरेटरही आहे, एचरॅस. हे प्रथिन पेशीच्या पडद्याला चिकटलं तरच काम करतं आणि चिकटण्यासाठी त्याला एक तेलकट शेपटी लागते. टिपीफार्निब ती शेपटी जोडूच देत नाही. हे औषध काही नवं नव्हे, पण आधी ते सरसकट दिलं जाई. एचरॅसमधला दोष ठळक असलेले डोकं-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण निवडून दिलं, तेव्हा २० पैकी ११ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. हे निष्कर्ष २०२१ चे. जनुक वाचण्याचा फायदा तो हा, पण ज्यांच्यात हा दोष आहे असे रुग्ण मोजकेच.

बाकीच्यांचं काय? मुंबईच्या टाटा मेमोरियलने इथे वेगळीच वाट धरली. निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध त्यांनी अवघं २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी दिलं. जोडीला स्वस्त गोळ्या. रोग बळावलेल्या १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर सुमारे १६ टक्के होतं, ते ४३ टक्क्यांवर गेलं. त्यासाठी कुणाचंही जनुक वाचावं लागलं नाही. खिसा बघून आखलेला उपचार हाही एका अर्थी व्यक्तिगतच म्हणायचा.

तरी वाचन थांबवून भागणार नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढून तपासतात आणि उरलेला ठोकळा नंबर घालून कपाटात ठेवतात. त्यातला डीएनए तुकड्या-तुकड्यांचा होतो, पण निवडक जनुकांच्या चाचणीला बहुधा पुरतो. रोग उलटला, तर कपाटातला तोच ठोकळा पुन्हा खाली निघतो.