जंतूच जंतूला मारतो

आम्ही ना डॉक्टर, ना प्रयोगशाळेतले. कामगार संघटनेच्या कचेरीत बसणारा माणूस जंतूंवर काय बोलणार, असे पत्रिका पाहून कित्येकांना वाटले असेल. त्याचे कारण आमचा एक सोबती आहे. यंत्रात बोट सापडून त्याचा हात चिघळला. इस्पितळात एकामागून एक भारी प्रतिजैविके द्यावी लागली. हात वाचला, पण मग जे जुलाब सुरू झाले ते थांबेनात, आणि पहिल्या दुखण्यापेक्षा या दुसऱ्यापायीच त्याचे अधिक खाडे झाले. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले : औषधाने हातातले जंतू मारले, तसे पोटातले उपकारी जंतूही मारले, जागा रिकामी झाली आणि तेथे क्लॉस्ट्रिडिअम डिफिसिली नावाचा दांडगट जंतू माजला. म्हणजे दगड एकाने मारला आणि लाठीमार साऱ्या चाळीवर! नेमक्या अपराध्यालाच धरील असे औषध नाही काय, असे आम्ही विचारले. त्या प्रश्नामागे लागून जे वाचले ते येथे सांगतो.

असे शस्त्र आहे, आणि ते माणसाने घडवलेले नाही. जंतूंनीच घडवले आहे. १९२५ साली बेल्जियममधील आंद्रे ग्रातिया या शास्त्रज्ञाला दिसून आले की, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचा एक वाण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला वाढू देत नाही. या मारक द्रव्याला १९४६ मध्ये कोलिसिन म्हणू लागले. आणि इतर जातींचे जंतूही अशी द्रव्ये करतात हे कळल्यावर १९५३ मध्ये साऱ्या वर्गाला बॅक्टेरिओसिन हे नाव मिळाले. ही प्रथिने होत. कोणी मोठी, कोणी अगदी लहान.

पेनिसिलिन एका बुरशीचे, आणि त्याचा मारा पुष्कळ जातींवर. बॅक्टेरिओसिन बहुधा जवळच्या नातलगांनाच मारते. हे ऐकून नवल वाटते, पण आपल्याकडे तरी वाटू नये. बांधावरून कोर्टात जातात ते भाऊबंदच! ज्याला तेच अन्न आणि तीच जागा हवी, तोच खरा प्रतिस्पर्धी.

मारण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक जंतूच्या अंगावर अन्नरस आत घेण्याची दारे असतात. कोलिसिन ई-३ हे प्रथिन ब-१२ जीवनसत्त्वाच्या दाराला जाऊन चिकटते आणि तेथून आत शिरकाव करून घेते. आत गेल्यावर ते सबंध कारखाना मोडीत बसत नाही. प्रथिने तयार करणारी जी यंत्रे असतात, त्यांतला एक धागा नेमक्या जागी कापते. यंत्र बंद, जंतू खलास. दुसरी काही कोलिसिने आनुवंशिक द्रव्याचे तुकडे करतात, काही नुसतीच अंगाला भोके पाडतात. एखाददुसरा कणही एका जंतूला पुरतो. मग करणारा स्वतः कसा वाचतो? तो प्रथिनाबरोबरच त्याचा उताराही करतो, आणि तो उतारा त्याच्या सख्ख्या वाणातल्या सर्वांपाशी असतो. पण हे मोठे प्रथिन बाहेर सोडायचे तर पेशी फुटावी लागते. समूहातल्या थोड्याच पेशी हे करतात. त्या मरतात आणि बाकीच्यांना जागा मोकळी होते. आमच्या सभेत हे सांगितले तर टाळ्या पडतील. तथापि जंतूला मन नाही, हौतात्म्यही नाही. तेव्हा टाळ्या राखून ठेवाव्या हे बरे.

दूध आंबवणाऱ्या जंतूंतही असा एक आहे. त्याच्या मारक गुणाची पहिली नोंद अमेरिकेत १९२८ साली झाली. फ्लेमिंगला पेनिसिलिनची बुरशी दिसली तेही त्याच वर्षी. त्या द्रव्याला १९४७ मध्ये इंग्लंडात निसिन हे नाव पडले. जंतूला आपली भिंत बांधण्यासाठी विटा वाहून न्याव्या लागतात. निसिन त्या वाहकालाच पकडते आणि तेथेच भोक पाडते. पेनिसिलिन इस्पितळात गेले, निसिन अन्नाच्या कारखान्यात. चीज टिकवायला ते वापरतात, आणि डब्यावर ई-२३४ असे लिहिलेले असते ते हेच. म्हणून जखमेवर दही लावू नका! प्रत्येक विरजणातला जंतू निसिन करतोच असे नाही.

रोगाशी झुंजण्यात यांचा खरोखर उपयोग होतो काय? आयर्लंडमधील कॉर्क येथे २००७ साली याची चोख परीक्षा झाली. लॅक्टोबॅसिलस जातीचा एक बॅक्टेरिओसिन करणारा जंतू उंदरांना दिला, तेव्हा लिस्टेरिया या रोगजंतूपासून त्यांचे रक्षण झाले. त्याच जंतूची बॅक्टेरिओसिन करण्याची शक्ती तेवढी काढून घेतली, तर रक्षण झाले नाही. २०१० मध्ये त्याच भागातील संशोधकांनी थुरिसिन सीडी हे द्रव्य जाहीर केले. ते आमच्या सोबत्याला छळणाऱ्या क्लॉस्ट्रिडिअम डिफिसिलीवरच चालते. प्रयोगशाळेत आतड्याची प्रतिकृती करून पाहिले, तेव्हा तो जंतू मेला आणि शेजारपाजार बहुतांशी जागच्या जागी राहिला. हे द्रव्य करणारा जंतू बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपल्या बीटी कापसातला तो ‘बीटी’!

मग औषधाच्या दुकानात हे का मिळत नाही? ही प्रथिने पडली. गिळली तर पोटातला रस ती डाळीसारखी पचवून टाकतो. रक्तात टोचावी तर शरीर त्यांना परके समजून उठण्याची भीती. जंतूही दार बदलून निसटू शकतात. आणि नेमकेपणाचीही किंमत असते. कोणता जंतू आहे हे आधी कळले पाहिजे. ते कळायला पू किंवा रक्त वाढीला लावून बहुधा दोन दिवस लागतात, आणि तापाने फणफणलेला माणूस तेवढा थांबत नाही. शिवाय सर्वांना चालणारे औषध विकणे सोपे, एकाच जंतूचे विकणे अवघड, हा हिशेब आम्हाला कोणी शिकवायला नको. गाईंची कास पुसण्यासाठी निसिन लावलेल्या पुसण्या मात्र अमेरिकेत विक्रीस आल्या.

आमचा सोबती आता कामावर आहे. त्याला हे सारे सांगितले तेव्हापासून, ते औषध निघाले का, असे तो अधूनमधून विचारतो. अजून नाही, असे आम्ही सांगतो.