पोटाच्या आतला पट्टा

कंबर धरली की पोटाचे व्यायाम करा, असा सल्ला हमखास मिळतो. मग सकाळी उठून माणूस धापा टाकत सिट-अप्स मारतो आणि चार दिवसांत मानही धरून बसतो. सिट-अप्समध्ये प्रामुख्याने राबतो तो पोटाचा पुढचा, उभा स्नायू. धड पुढे वाकवणं हे त्याचं काम. कण्याला आधार देणारा एक महत्त्वाचा स्नायू त्याच्या खाली, सगळ्यात आत असतो. त्याचे तंतू आडवे जातात. कंबरेला पंचा गुंडाळावा तसा तो पोटाला वेढतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यांना चिकटलेले छोटे स्नायू आणि भोवती हा पट्टा, या चौकडीला 'कोअर' म्हणतात. निरोगी माणूस झटकन हात उचलतो तेव्हा हात हलायच्या आधीच हा पट्टा आवळायला लागतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना १९९६ साली आढळलं. म्हणजे नुसती ताकद वाढवून भागत नाही, वेळही साधावी लागते. ती साधते सावकाश हालचालीतून.

पिलाटेस या व्यायामपद्धतीचा भर त्यावरच आहे. तिचा जनक योझेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने व्यायामशाळा काढली आणि तिथल्या नर्तकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९४५च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवरचे ३४ व्यायाम आहेत. त्यातले बरेच नवशिक्याने लांबूनच बघावेत. सुरुवातीला महागडी यंत्रंही नकोत, सतरंजी पुरे.

उताणे पडा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीवर टेकवा. कंबरेच्या पुढच्या हाडांची टोकं चाचपा आणि तिथून दोन बोटं आत, थोडं खाली, बोटांची टोकं रुतवा. हलकंसं खोका. बोटांना धक्का बसेल. आता खोकू नका. तोंडाने 'स्स्स' करत श्वास सोडा आणि लघवी थोपवताना ओढतो तसा तळ किंचित वर ओढा. या वेळी बोटांखाली धक्का लागत नाही, फक्त मऊ ताण येतो. तोच हा पट्टा. पूर्ण जोर लावू नका, पाव-अर्धा पुरे. पोट खपाटीला नेऊन श्वास कोंडणारे इथेच चुकतात.

तो ताण राखून, श्वास सोडत एक पाऊल चार बोटं उचला, ठेवा; मग दुसरं. कंबर हलता कामा नये. पोटाचा मधला भाग घुमटासारखा वर आला, तर झेपण्यापेक्षा जास्त चाललंय असं समजा आणि पाय कमी उचला.

यानंतर पूल. सेतुबंधासन करणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल, पण इथे कंबर एकदम उचलायची नाही. आधी माकडहाड, मग कंबरेचे मणके, मग पाठ, असं एकेक हाड सतरंजीवरून सोडवत वर जायचं आणि उलट्या क्रमाने, पाठीपासून, टेकवत यायचं. उतरताना कंबरेचा एखादा भाग एकसंध धपकन टेकतो. तिथला ताठरपणा तेव्हाच कळतो. लवचिकपणाचं काम नेमकं तिथे करायचं. सहा-आठ वेळा पुरे.

बसण्याबद्दल थोडकंच. 'ताठ बस' म्हटल्यावर छाती पुढे काढली की पाठीचे स्नायू पाच मिनिटांत थकतात. बुडाच्या दोन्ही हाडांवर सारखा भार द्या, डोकं खांद्यांच्या वर राहू द्या आणि अर्ध्या तासाने उठाच. कितीही चांगली बैठक तासभर धरून ठेवली तर ती वाईटच.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून उठायचे प्रकार टाळावेत, मणका दबून मोडू शकतो. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा. आणि कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.