थर्माकोलचे साचे, काँक्रीटची भिंत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सयाजीराव महाराजांच्या कारभाराच्या पंचवीस वर्षांचे निमित्त साधून 1906 साली बडोद्यात खंडेराव मार्केट उभे राहिले. आज त्या देखण्या वास्तूत महानगरपालिकेचे कार्यालय आहे आणि मागे भाजी-फळांचा बाजार भरतो. अशा इमारतींकडे बोट दाखवून गारव्याचे सारे श्रेय जाड भिंतींना दिले जाते. नवे घर बांधणाऱ्यांची दिशाभूल तिथूनच सुरू होते. थर्माकोलच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंत उभारण्याच्या पद्धतीबद्दलही असेच गैरसमज आहेत.

गैरसमज : भिंत जितकी जाड, तितके घर थंड.
वस्तुस्थिती : जाड भिंत उष्णता पुरती अडवत नाही, ती आत यायला उशीर लावते. दिवसभर तापलेली भिंत रात्री तीच उष्णता खोलीत सोडते. जुन्या वास्तूंना उंच छत, सावली आणि खेळता वारा यांची साथ असे. निव्वळ उष्णता रोखण्यात 2.5 सेंमी थर्माकोल सुमारे 50 सेंमी विटांच्या भिंतीच्या तोडीचा ठरतो.

गैरसमज : थर्माकोलचे घर तकलादू.
वस्तुस्थिती : भार थर्माकोल पेलतच नाही. थर्माकोलचे दोन जाड तक्ते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी जोडून पोकळ ठोकळे बनवतात. ते एकावर एक बसवायचे, पोकळीत सळया बांधायच्या आणि काँक्रीट ओतायचे. काँक्रीट थराथराने ओतावे लागते. एकदम भरले तर दाबाने साचा फुगतो, क्वचित फुटतोही. व्हायब्रेटर नीट फिरवला नाही तर आत पोकळ्या राहतात आणि थर्माकोलच्या आड त्या दिसतही नाहीत. कॅनडात वर्नर ग्रेगोरी यांनी 1960च्या दशकात या पद्धतीचे पेटंट घेतले.

गैरसमज : ही तर 'मायवान'च.
वस्तुस्थिती : मायवानमध्ये काँक्रीट घट्ट झाले की ॲल्युमिनियमचा साचा काढतात. इथे साचा भिंतीचाच भाग होऊन राहतो.

गैरसमज : आग लागली की सारे घर पेटणार.
वस्तुस्थिती : काँक्रीट जळत नाही. थर्माकोल मात्र 100 अंशांच्या आसपास नरम पडतो, पेटला तर घातक धूर सोडतो. म्हणून अग्निरोधक प्रतीचाच माल घ्यायचा आणि आतून जिप्सम बोर्ड किंवा गिलाव्याने तो पूर्ण झाकायचा. बाहेरूनही उघडा ठेवायचा नाही. उन्हाने त्याचा भुगा होतो. वाळवी थर्माकोल खात नाही, पण पोखरून वाट काढते, त्यामुळे पायाशी वाळवी-प्रतिबंधक उपाय हवाच.

गैरसमज : हे थंड देशांचे तंत्र.
वस्तुस्थिती : बाहेर 43 अंश आणि आत 26 अंश असतील, तर उष्णता आत घुसणारच, तिला अडवायला तोच थर लागतो. भारतातील घरांसाठी 2018 साली आलेल्या 'इको-निवास संहिते'ने भिंती, खिडक्या आणि छतातून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली, ती याचसाठी.

गैरसमज : भिंती बदलल्या की एसीचे बिल उतरलेच.
वस्तुस्थिती : बडोदा कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सर्वाधिक तापते ती गच्ची. ती उघडी ठेवून भिंतींवर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात.

म्हणून घर बांधणाऱ्यांनी आधी गच्चीवर उष्णतारोधक थर आणि पांढरा लेप द्यावा, पश्चिमेच्या खिडक्यांवर सज्जे काढावेत. त्यानंतरही तळमजला-दोन मजल्यांच्या बंगल्यात एसी रोज तासन् तास चालणार असेल, तर या साच्यांचा विचार जरूर करावा. ठेकेदाराने असे काम आधी केले आहे का, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे आणि सळयांचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.